पंपाशेजारची जागा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, धंदा पंपांची सीले घासून देणे, वय सत्तरीला टेकलेले, राहणार खाली वर्कशॉप आणि वर संसार असलेल्या या घरात, आज पूर्ण शुद्धीत असून, कोणी धाक न घालता आणि कोणी गोड न बोलता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. चित्त स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टर म्हणाले, "बुद्धी शाबूत आहे, ते मी डोळे मिटून लिहून देतो. पण स्थिर कसं लिहू? आल्यापासून सारखे उठून तुमची स्कूटर जागेवर आहे का ते बघताय." शेवटी त्यांनी तेही लिहिले, कारण बाहेर पेशंट खोळंबले होते.

कलम पहिले. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे या कागदाने रद्द होतात. एक पोटात कळ आली तेव्हा केले होते, ती कळ अपचनाची निघाली. एक मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी केले. एक लेझरचे मशीन घरात आले तेव्हा, त्याच्या खोक्यावर धोक्याचे पिवळे चित्र होते म्हणून. पत्नी म्हणते, लोक पडदे बदलतात तशी तुम्ही मृत्युपत्रे बदलता. वर्कशॉपमध्ये मला माझ्यामागे काळजीवाहू म्हणतात, हे मला ठाऊक आहे. ते नाव कोणी ठेवले तेही ठाऊक आहे. त्या इसमाचा उल्लेख पुढे येईल.

या वेळचे कारण मात्र अपचनाचे नाही. उद्या सकाळी कागद कारखान्यातला गरम कॉस्टिकचा, म्हणजे कातडी जाळणाऱ्या क्षाराचा, मोठा पंप आमचे नव्या पद्धतीचे सील घालून पहिल्यांदा सुरू होणार आहे, आणि तो सुरू होताना त्याच्या शेजारी मी उभा राहणार आहे. घरात सगळे समजून आहेत की तिथे सूनबाई उभी राहणार. मी कोणाला काही बोललेलो नाही. जुनी कागदपत्रे लावतो आहे असे सांगून जेवणाच्या टेबलावर बसलो आहे. अक्षर वेडेवाकडे आले आहे ते टेबल डुगडुगते म्हणून, असे कोणी विचारल्यास सांगावे.

कलम दुसरे, घराविषयी. वर्कशॉप सोडून हे घर माझ्या पश्चात पत्नीचे आणि तिच्या हयातीनंतर मुलाचे. बँकेत जे काही असेल तेही पत्नीचेच, कारण ते तिने काटकसर केली म्हणून तिथे आहे. काही सूचना. गच्चीवरच्या टाकीचा बॉल अडकतो, त्याला काठीने ढोसावे लागते, काठी दाराआड आहे. जिन्याची चौथी पायरी पावलाखाली हलते. गॅसचे बटण बंद केल्यावर पुन्हा एकदा जाऊन पाहावे. पत्नी पाहत नाही. ती म्हणते, "बंद केलंय ते मला माहीत आहे, मीच केलंय." असल्या आत्मविश्वासापायी लोकांची घरे जळालेली आहेत.

कलम तिसरे. मुलगा पोहायला शिकवतो. लोकांची घाबरट मुले तो तलावात सोडतो आणि ती तरंगतात, याबद्दल मला त्याचे कौतुक आहे आणि धडकीही भरते. कोणतीही अडचण सांगितली की त्याचे एकच उत्तर असते, "पाण्यात पडलं की पोहता येतं, बाबा." उद्या त्याची बायको गरम कॉस्टिकच्या पंपाशेजारी उभी राहणार हे त्याला माहीत आहे. काल मी त्याला एकटे गाठून विचारले, तुला काहीच वाटत नाही? तो म्हणाला, "वाटतं ना. पण तिचं काम तिला येतं." आणि टॉवेल वाळत घालायला गेला. सबब, माझ्या काळजीतला निम्मा हिस्सा मी मुलाला देतो. आजवर त्याच्या वाट्याची काळजीही मीच करीत आलो आहे. त्याने ती नाकारू नये.

नातीला माझे पितळी भिंग द्यावे. नव्या सीलच्या रिंगेवरचे खड्डे तिने याच भिंगातून पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, हिच्या अंगावर काटा आलाय." तिचे दुधाचे दात नुकते पडून नवे येत आहेत. हे वाक्य मी इथे का लिहिले ते पुढे कळेल.

कलम चौथे. पंपाशेजारी उभे राहणे हा काय प्रकार आहे, हे वकिलांना तीनदा सांगूनही कळले नाही, म्हणून लिहून ठेवतो. पंपाच्या पोटात पाणी, तेल, आम्ल, काहीही असते, आणि त्या पोटातून एक फिरता दांडा बाहेर येतो. दांडा फिरला पाहिजे आणि आतले बाहेर येता कामा नये. त्यासाठी दांड्याभोवती दोन रिंगा असतात, या जोडीलाच सील म्हणतात. एक पंपाला घट्ट बसवलेली, दुसरी दांड्याबरोबर गरगर फिरणारी. दोघींच्या सपाट बाजू एकमेकींना टेकलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध आतल्याच द्रवाचा एक पदर असतो, केसाहून कितीतरी पातळ. हा पदर राहिला तर दोघी वर्षानुवर्षे नांदतात. पदर गेला की कोरड्या घासतात, तापतात, किंचाळतात आणि तडकतात. मग आतले बाहेर येते, आणि ते कोणाच्या तोंडावर येईल हे सांगता येत नाही.

माझे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादाच म्हणत, यांनी हे वर्कशॉप काढले आणि मला रिंग घासायला शिकवली. त्यांचा नियम असा की जो रिंगेवर शेवटचा हात फिरवतो, त्याने पंप पहिल्यांदा सुरू होताना पंपाशेजारी उभे राहायचे. गिऱ्हाइकाने मागितलेले नाही, कायद्यात नाही, आमच्या घराण्यात आहे. त्यांच्या हातची रिंग आरशासारखी असे. आरसा हीच तेव्हा चांगल्या कामाची खूण होती. अशीच एक आरसा रिंग याच कारखान्यात, याच जागी बसवली होती. गरम कॉस्टिक, पंप घडीघडी बंद-चालू होणारा. इतक्या गुळगुळीत दोन बाजूंच्या मध्ये पदर धरून राहायला जागाच नसते, हे तेव्हा आम्हाला कोणाला माहीत नव्हते. मी लांब भिंतीशी हत्यारे भरत होतो. किंचाळी मी ऐकली. दादांना मोटारीच्या आवाजात ती ऐकू आली नाही. पंप बंद करायच्या बटणावरचा कारखान्याचा माणूस कुठल्याशा कपाटाची किल्ली आणायला गेला होता आणि बटणापुढे पिंपे रचलेली होती. मी पिंपांवरून चढून बटण दाबले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

दादांचा उजवा डोळा गेला आणि मानेची कातडी गेली. पुढे बरीच वर्षे ते वरच्या खोलीत राहिले. बरे झाल्यावर जो पहिला पंप आला त्याच्याशेजारी डोळ्याला पट्टी बांधून पुन्हा उभे राहिले. मी म्हणालो, आता तरी नको. ते म्हणाले, "आपल्या हाताची भीती आपल्यालाच वाटली पाहिजे. आपल्या जागी दुसरा उभा केला की हात सैल पडतो." त्यांच्यानंतर दर वेळी मी उभा राहिलो आहे आणि दर वेळी घाबरलो आहे. सवय होते असे लोक म्हणतात. मला झालेली नाही.

कलम पाचवे, हत्यारे आणि हिशेब चुकते करणे. रिंगा घासायची बिडाची थाळी हवालदाराला द्यावी. हवालदार हे आमच्या जुन्या कारागिराचे टोपणनाव, काम करताना तो तोंडाने शिट्टी फुंकतो म्हणून पडलेले. मला काळजीवाहू म्हणणारा इसम तो हाच. तरी थाळी त्यालाच, कारण तिच्यावर माझ्याखालोखाल त्याचाच हात चालतो. मात्र थाळी देताना त्याला बजावून सांगावे की सूनबाईच्या रिंगा त्याने विचारल्याशिवाय घासू नयेत. याचे कारण पुढच्या कलमात आहे.

सपाटी पाहायची काच सूनबाईला. ही काच रिंगेवर ठेवून पिवळ्या दिव्याखाली धरली की रेघा दिसतात. रेघा सरळ तर रिंग सपाट. या काचेच्या एका कोपऱ्यात ओरखडा आहे. तो माझ्या मेहुण्यांच्या कृपेने आहे. मेहुणे एकदा पाहुणे म्हणून आले असता त्यांनी या काचेवर चहाचा कप ठेवला, आणि ठेवला तो ठेवला, वर सरकवला. मी ओरडलो तर म्हणाले, "टेबल खराब होऊ नये म्हणून ठेवला." तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरते बोलतो आणि काम काही निघत नाही. मेहुण्यांना तो कप द्यावा. फडताळात मागच्या बाजूला आहे, मी जपून ठेवला आहे.

कलम सहावे. वर्कशॉप, त्यातली यंत्रे, गिऱ्हाइके आणि नाव, हे सर्व सूनबाईचे. कोणी म्हणेल मुलगा असताना सुनेला का. मुलगाच पहिला म्हणाला, तिला द्या.

ती या घरात आली तेव्हा चषकांवर आणि दारावरच्या पाट्यांवर नावे कोरायचा तिचा धंदा होता. कोरायचे लेझर मशीनही बरोबर घेऊन आली. मी तेव्हा मनात म्हटले, ह्या मशीनचा आपल्याला काय उपयोग. रिंगांवर नंबर टाकायला झाला. नंबर अर्थातच रिंगेच्या पाठीवर टाकायचा, घासणाऱ्या बाजूवर नाही. एकदा हवालदाराने शिट्टीच्या नादात रिंग उलटी लावून दिली आणि नंबर उमटला थेट घासणाऱ्या बाजूवर. ती रिंग बाजूला टाकायला हवी होती. ती पॅक होऊन गिऱ्हाइकाकडे गेली. कळले तेव्हा माझी झोप उडाली. पुष्कळ महिन्यांनी ती रिंग दुरुस्तीला परत आली आणि मी धसका घेऊन खोके उघडले. रिंग बाकी सगळीकडे झिजली होती. नंबराच्या आकड्यांभोवती मात्र ती काल बनवल्यासारखी होती.

मी देवाचे आभार मानून रिंग ठेवून देणार होतो. सूनबाईने ती ठेवू दिली नाही. ती म्हणाली, कोरलेल्या आकड्यात द्रव साठून राहतो, आणि रिंग फिरली की तोच द्रव दोघींमध्ये पसरतो आणि त्यांना किंचित अलग धरतो. मग आकडेच कशाला, तिथे मुद्दाम बारीक बारीक खळ्या पाडू या. मी म्हणालो, खड्डे म्हण. घासलेल्या रिंगेवर खड्डा पडलेला दादांनी पाहिला असता तर त्यांनी ती रिंग नाल्यात फेकली असती. ती म्हणाली, "खळ्याच, बाबा. खड्डा चुकून पडतो." या कागदात मी खड्डे असेच लिहितो आहे. मत माझे आहे आणि मृत्युपत्रही माझे आहे.

त्यानंतर तिने नवे, बारीक कामाचे लेझर घेतले आणि दोन वर्षे डोके खपवले. खड्डे फार खोल गेले तर पदर तयार होत नाही. फार उथळ राहिले तर पहिल्या महिन्यातच पुसले जातात. बाहेरच्या कडेला पाडायचे आणि आतली पट्टी बांधासारखी गुळगुळीत ठेवायची, नाहीतर द्रव वाट काढून बाहेर येतो. वर्कशॉपमध्ये पाण्याचा पंप लावून तिने रिंगांमागून रिंगा फिरवल्या. ज्या दिवशी पहिली रिंग न तापता दिवसभर चालली, त्या दिवशी तिने ती गालाला लावून पाहिली. मी ओरडलो, भाजेल. भाजले नाही.

आता हवालदाराचे. कारखान्याच्या पंपासाठी खड्डे पाडलेली रिंग त्याच्याकडे नुसती धुवायला दिली होती. त्याला वाटले, पोरीचा हात चुकला आणि रिंगेवर देवीचे व्रण राहिले. बिचाऱ्याने जेवणाची सुट्टी सोडून ती थाळीवर घासली आणि आरसा करून आणून दिली. वर म्हणतो, "मालक, कोणाला बोलू नका. मी सगळं साफ केलंय." सूनबाईने ती उलटसुलट करून पाहिली. मग खुर्चीवर बसून हसत सुटली आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागली. तिच्या जागी मी असतो तर त्याची शिट्टी काढून घेतली असती.

लेझरने खड्डा पडला की त्याच्या काठावर वितळलेल्या मालाची बारीक कड उभी राहते. ती काढली नाही तर समोरची कार्बनची मऊ रिंग किसणीवर धरल्यासारखी किसली जाते. काढताना हात जास्त फिरला तर खड्डाच जातो. हवालदाराच्या पराक्रमानंतर हे काम मी कोणाला दिले नाही. रिंग थाळीवर ठेवली, श्वास रोखून हात फिरवला, भिंगातून पाहिले, पुन्हा फिरवला. म्हणजे त्या रिंगेवर शेवटचा हात माझा फिरला आहे. हे वाक्य नीट वाचावे. पुढचे कलम त्याच्यावर उभे आहे.

कलम सातवे. ज्याअर्थी रिंगेवर शेवटचा हात माझा आहे, आणि ज्याअर्थी नियम शेवटच्या हाताचा आहे, त्याअर्थी उद्या पंपाशेजारची जागा माझी आहे. सूनबाईने हरकत घेऊ नये. पाण्यावर चाललेली रिंग गरम कॉस्टिकवर चालेलच असे नाही. ती चालेल असे मला दिवसा वाटते. संध्याकाळ झाली की वाटत नाही. मला दादांची मान आठवते, आणि मग नातीचे पडलेले दात आठवतात. घरात एकच माणूस कमी व्हायचा असेल तर तो मी असावा, माझे बरेचसे आयुष्य वापरून झाले आहे. उद्या काही विपरीत घडल्यास

वरचे वाक्य अर्धे राहिले आहे. सूनबाई आत आली. पुढे जे झाले ते लिहावे की नाही याचा विचार केला. वकील म्हणाले होते की मृत्युपत्रात भांडणे घालू नका. पण भांडण मालमत्तेविषयीच होते, म्हणून लिहितो.

ती म्हणाली, "बाबा, माझा प्लॅस्टिकचा मुखवटा कुठे बघितलात? उद्या लागणार आहे, आणि हातमोजेही सापडत नाहीत."

"नाही बुवा," मी म्हणालो.

"तुमच्या मांडीवर आहे तो."

मी तो टेबलाखाली घेऊन बसलो होतो. हातमोजे माझ्या खिशात होते. तिने खुर्ची ओढली, माझ्यापुढचे कागद उचलले आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. मी म्हणालो, हे खासगी आहे. ती म्हणाली, "माझं नाव आहे यात," आणि वाचत राहिली. कपाच्या ठिकाणी तिला हसू आले. सातव्या कलमापाशी ते गेले.

"ही जागा तुमची कशी? खळ्या मी पाडल्यात."

"शेवटचा हात माझा फिरलाय. नियम दादांचा आहे, माझा नाही."

"तुम्ही कड काढलीत. खळ्या किती खोल, किती दाट, कुठे थांबायचं, हे कोणी ठरवलं?"

"तूच."

"मग उद्या सील गेलंच, तर कशाने जाईल? कड राहिली म्हणून, की खळ्या चुकल्या म्हणून?"

इथे मला खोटे बोलता आले असते. पण कड राहिली असे मी माझ्या तोंडाने कसे म्हणणार? "कड राहिलेली नाही," मी म्हणालो. "मी काढलीय ती."

"झालं तर मग."

"झालं काय? तुला एवढीशी पोर आहे. मला काय आहे? मला अपचन आहे."

ती हसली नाही. तिने कागद टेबलावर ठेवले. "बाबा, उद्या माझ्या जागी तुम्ही उभे राहिलात तर पुढची रिंग करताना मला माहीत असेल की तिथे बाबा उभे राहतात. मग माझा हात सैल पडेल. हे मी नाही म्हणत. मोठे काका म्हणालेत, तुम्हीच लिहिलंय इथे."

मी म्हणालो की दादांचे बोलणे माझ्यासाठी होते. ती म्हणाली की वर्कशॉप मला देताय ना, मग ते बोलणेही त्यातच आले. मी आवाज चढवला. मी तिच्यावर कधी आवाज चढवलेला नव्हता. मी म्हणालो, मी या घरचा मोठा आहे, मी अजून मेलेलो नाही, आणि उद्या तू घरी बसायचे. तिचा चेहरा लाल झाला. माझ्या हातातले पेन तिने काढून घेतले.

"साक्षीदारांनी सही कुठे करायची?"

"ते तुला कशाला?"

"तुम्हीच गेल्या आठवड्यात सांगत होतात. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका, नाहीतर त्याचं मिळणं रद्द होतं. मी करते सही. मला नको वर्कशॉप. पंपाजवळ उभं राहायचं नाही तर ते घेऊन काय करू? चषकांवर नावं कोरायला माझं जुनं मशीन आहे."

पेन कागदापासून बोटभर अंतरावर होते. मृत्यूनंतरची सगळी व्यवस्था माझ्या डोळ्यांदेखत कोलमडत होती, आणि तीही मी जिवंत असताना. मी तिच्या हाताकडे पाहत राहिलो. तो जराही कापत नव्हता.

तेवढ्यात पत्नी स्वयंपाकघराच्या दारात आली. ती किती वेळ ऐकत होती कोण जाणे. म्हणाली, "अहो, दादांच्या वेळी बटणावर माणूस असता तर?"

"तर काय?"

"तर काय ते तुम्ही सांगा. इतकी वर्षं जेवताना, झोपेत, तुम्ही एकच सांगत आला आहात. किंचाळी आधी ऐकू आली, बटण लांब होतं. बटणाशी असतो तर डोळा राहिला असता. मग उद्या बटणाशी कोण आहे?"

मी म्हणालो, कारखान्याचा माणूस.

"तो मोबाईल बघत असतो," सूनबाई म्हणाली. तिने पेन अजून खाली ठेवले नव्हते, पण आवाज उतरला होता. "बाबा, खरं सांगू? मलाही भीती वाटते. काल मी अर्धी भाकरी खाल्ली आणि पोटभर जेवले म्हणाले. मी पंपाशी उभी राहीन. पण बटणावर मला तुम्हीच हवेत. तुमच्याइतका घाबरट माणूस अख्ख्या कारखान्यात नाही. काही झालेलं नसतं तरी तुम्हाला ऐकू येतं. झालं तर तुम्हाला सगळ्यांच्या आधी ऐकू येईल."

जन्मभर लोकांनी माझ्या काळजीची टर उडवली, मुलाने, हवालदाराने, डॉक्टरांनीसुद्धा. ती कामाला येईल असे आजवर कोणी म्हटले नव्हते, मी स्वतःही नाही. मला भरून आले. सूनबाईपुढे रडायचे नाही म्हणून मी गॅसचे बटण पाहायला आत गेलो. ते बंद होते.

परत येऊन खालीलप्रमाणे लिहीत आहे.

सातवे कलम, "ज्याअर्थी" पासून अर्ध्या राहिलेल्या वाक्यापर्यंत, रद्द. त्याच्या जागी असे वाचावे. पंपाशेजारची जागा मी सूनबाईला देतो. ती माझ्या पश्चात नव्हे, आजपासून तिची. त्यासाठी मी मरण्याची आवश्यकता नाही. रिंगेवरच्या खळ्या तिने पाडल्या आहेत आणि त्यांची भीती वाटण्याचा पहिला हक्क तिचा आहे.

बटणाची जागा मी स्वतःकडे ठेवतो आणि जोवर कान शाबूत आहेत तोवर कोणालाही देणार नाही. कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांना फोन करून, बटणापुढे अजूनही पिंपे रचतात ती आजच हलवायला सांगितले आहे. उद्या पोचल्याबरोबर ती हलवली आहेत की नाही हे मी जाऊन पाहीन, आणि नसतील तर मीच हलवीन. पंप सुरू असताना माझ्याशी कोणी बोलू नये, मुलानेही पाण्याबद्दल काही सांगू नये. काही कारण नसताना मी बटण दाबले तर कोणी रागावू नये. पाच वेळा दाबले तर पंप सहाव्यांदा सुरू करावा. सूनबाईनेही मान्य करावे की मी हात वर केला की ती प्रश्न न विचारता मागे होईल. तिने मान्य केले आहे. ती आता माझ्यासमोर बसून हे वाचते आहे आणि मान डोलावते आहे.

बाकीची सर्व कलमे जशी आहेत तशी कायम. मेहुण्यांच्या कपाबाबतही फेरविचार केलेला नाही. उद्या संध्याकाळी आम्ही दोघे धडधाकट परत आलो तर हा कागद जुन्या मृत्युपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवावा. फाडू नये, पुढच्या पंपाच्या वेळी नवे करताना मजकूर उपयोगी पडेल.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला वाचून दाखवले गेले, आणि पत्नीने मागून वाचले. मला समजले. राजीखुशीने सही करतो.

स्थळ: जेवणाचे टेबल, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातल्यावर.
दिनांक: पंप सुरू होण्याचा आदला दिवस, दुपार.

लिहून ठेवणार: सीले घासणारा (सही)

साक्षीदार पहिले: समोरच्या दारातल्या, संगीत शिकवणाऱ्या बाई (सही). त्यांना या कागदात काही मिळणार नाही. आमच्या थाळीचा आवाज त्यांनी आजवर सहन केला, त्याबद्दल आभार.

साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे औषधवाले (सही). अपचनाचे औषध नेहमी यांच्याकडूनच नेतो.

साक्षीदार तिसरे: ही जागा कोरी आहे. सूनबाईने पेन परत केले. मी मुखवटा आणि हातमोजे परत केले.